मळमळीवर आलं: किती घ्यायचं, कसं घ्यायचं

गेटवेहून निघालेली मांडव्याची लाँच उघड्या पाण्यात आली की डुलायला लागते, आणि आमच्यातल्या कुणाला तरी बोट लागतेच. म्हणून आईच्या पिशवीत आलेपाकाची पुडी कायम असायची. आल्याला सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत कशाकशाचं श्रेय देतात. माझा भरवसा मात्र मळमळीपुरता आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा भरपूर अभ्यास झालाय आणि अनेकींना त्याने आराम पडतो. बोट लागण्यावरचे पुरावे तेवढे पक्के नाहीत, तरी आमची पुडी सुटलेली नाही.

आधी प्रमाण, कारण चूक तिथेच होते. अभ्यासांमध्ये साधारणपणे दिवसाला १ ग्रॅम सुंठ, तीन-चार वेळा विभागून देतात. म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा, तोही दिवसभरात मिळून. ओल्या आल्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं, म्हणून तेवढ्यासाठी ५ ग्रॅम, म्हणजे साधारण इंचभर तुकडा धरा. सुंठ जास्त झोंबते ती उगीच नाही: आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं, आणि ते अधिक तिखट असतं.

दादरच्या मंडईत आलं घेताना कडक, साल ताणलेलं बघा. मोडल्यावर कट्कन आवाज यायला हवा. मुंबईच्या दमट हवेत ते लवकर बुरसतं, तेव्हा धुऊन ठेवू नका. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि बुरशी दिसली तर पूर्ण तुकडा टाका. साल चमच्याच्या कडेने खरवडली की आलं वाया जात नाही.

काढ्यासाठी तुकडा ठेचून दीड कप पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, गाळा आणि घोटघोट प्या, एकदम नको. चहातही आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्या, दूध मागाहून. कच्च्या आल्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटतं, उकळल्यावर ते निष्प्रभ होतं.

आलेपाक असा: १०० ग्रॅम आलं थोड्या दुधात वाटून २०० ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर ढवळत राहा. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापा आणि गरम असतानाच २० वड्या पाडा. एका वडीत ५ ग्रॅम आलं, दिवसाचं माप झालं. अर्धी अर्धी खा. मधुमेह असेल तर साखर नको, काढाच घ्या.

छातीत जळजळ होणाऱ्यांनी जपून घ्यावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया जवळ आली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनेही विचारूनच सुरू करावं. आणि तिच्या पोटात पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर आलं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.