थॅलॅमस आणि ओळख-स्मृती: वाचताना या चुका टाळा

चेहरा ओळखीचा वाटतो, पण माणूस कोण, कुठे भेटला होता, काही केल्या आठवत नाही. ओळखीचा भास वेगळा आणि प्रसंगासकट आठवण वेगळी. या दोहोंची सरमिसळ झाली की पुढचं सगळं वाचन भरकटतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे थॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या भागाला, एकसंध गोळा समजणं. ‘थॅलॅमसला इजा झाली, स्मृती गेली’ असं वाचलंत तर आधी विचारा, कोणत्या केंद्रकाला, म्हणजे त्यातल्या कोणत्या पेशीसमूहाला? अग्र (पुढच्या बाजूची) केंद्रकं हिप्पोकॅम्पस आणि मॅमिलरी बॉडी या स्मृतीशी निगडित भागांशी जोडलेली. मीडिओडॉर्सल (मध्यरेषेजवळचं, वरच्या बाजूचं) केंद्रक मेंदूच्या बाह्य थराच्या दोन भागांशी, पेरिरायनल आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी. अ‍ॅगलटन आणि ब्राउन या संशोधकांनी 1999 मध्ये पहिली साखळी आठवणीची आणि दुसरी ओळखीच्या भासाची, अशी मांडणी केली. मांडणी सुंदर आहे, म्हणूनच ती डोळे मिटून स्वीकारली जाते. पण मीडिओडॉर्सल भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत आठवणही ढासळते.

इजा नक्की कुठवर पोचली, हेही तपासा. एन. ए. या प्रसिद्ध रुग्णाच्या नाकपुडीतून 1960 मध्ये तलवारबाजीचं पातं मेंदूत शिरलं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मीडिओडॉर्सल भागात इजा दिसली आणि त्याची स्मृती बिघडल्याचा दोष त्याच केंद्रकावर गेला. पुढे 1989 च्या एमआरआय अभ्यासात मॅमिलरी बॉडी आणि तिला थॅलॅमसशी जोडणारे मॅमिलोथॅलॅमिक तंतूही जखमी असल्याचं आढळलं. एका केंद्रकावर रचलेला निष्कर्ष असा डळमळतो. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण थॅलॅमसचा रक्तपुरवठा बिघडून येणाऱ्या झटक्यांतही याच तंतूंच्या इजेचा स्मृतिभ्रंशाशी घट्ट संबंध दिसतो.

ओळख-स्मृतीच्या चाचणीत ‘हा शब्द आधी पाहिला होता का?’ असं विचारतात; तिचे गुण मोजताना फक्त बरोबर ‘हो’ मोजू नका. 50 जुन्या शब्दांपैकी 45 ओळखले, छान! पण त्याच माणसाने 50 नव्या शब्दांपैकी 40 शब्दांनाही ‘हो’ म्हटलं असेल, तर त्याला जुनं-नवं फारसं वेगळं करताच येत नाही.

उंदरांवरचे प्रयोग वाचताना चाचणी बघा. अग्र केंद्रकं निकामी केलेला उंदीर नवी वस्तू बहुधा नीट ओळखतो, त्यामुळे ‘परिणाम नाही’ असं लिहून लोक मोकळे होतात. त्याच ओळखीच्या वस्तूंच्या जागा बदलल्या की मात्र तो गोंधळतो.