युद्धकाळातल्या ‘अप्रीती’च्या खटल्याचं अपील कसं वाचावं

जुन्या राजद्रोहाच्या, म्हणजे सरकारविषयी ‘अप्रीती’ (असंतोष, दुरावा) पसरवल्याच्या, खटल्याचा निकाल हाती आला की आपण पटकन शेवटचं पान उघडतो. सुटला की नाही, एवढंच पाहतो. पण या निकालांचा जीव मधल्या पानांत असतो.

आधी हे बघा की तुमच्यासमोरचं प्रकरण नेमकं कसलं आहे. टिळकांना १९०८ साली मंडालेची शिक्षा झाली, ती युद्धकाळातली नव्हे. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये, बेळगाव आणि नगरच्या स्वराज्याच्या भाषणांवरून त्यांना नोटीस आली, तीही साठाव्या वाढदिवशी. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका (स्वतः लिहून दिलेली हमी) आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. म्हणजे इथे शिक्षा नव्हती, हमी होती. ती ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी रद्द केली. याला ‘शिक्षेविरुद्धचं अपील’ म्हणणं चुकीचं आहे, पण अप्रीतीचा कायदा समजायला हा निकाल उत्तम.

मग वकिलांचा युक्तिवाद आणि कोर्टाचं उत्तर वेगवेगळं लिहून काढा. मी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारतो. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. त्यांचं म्हणणं होतं की टीका नोकरशाहीवर आहे, सरकारवर नाही. बॅचलर यांनी ही सरसकट फारकत मानली नाही. सरकार माणसांकरवीच चालतं आणि मुलकी सेवा हे त्याचं मुख्य साधन, म्हणून अशा टीकेने अप्रीती पसरते का हा त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. तरी टिळक सुटले, कारण भाषणं सुटी वाक्यं वेचून न पाहता अखंड वाचली गेली. युक्तिवाद न पटताही खटला जिंकता येतो, हे रेघेच्या दोन्ही बाजू भरल्याशिवाय कळत नाही.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे घाई नको. कोर्टाने कोणता गज लावला? दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतही दंडसंहितेतल्या राजद्रोहाच्या कलम १२४-अ सारखेच शब्द होते: द्वेष, तुच्छता, अप्रीती. बंगालच्या विधानसभेचे सदस्य निहारेंदु दत्त मजुमदार यांनी एप्रिल १९४१ मध्ये कलकत्त्यात भाषण केलं. ढाक्याच्या दंगली हाताळण्यात प्रांतिक सरकार कमी पडलं, हा त्याचा विषय. १९४२ मध्ये फेडरल कोर्टात, म्हणजे तेव्हाच्या भारतातल्या सर्वांत वरच्या कोर्टात, मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांची शिक्षा रद्द केली. शब्द कडक आहेत एवढ्याने भागत नाही, सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिची वाजवी शक्यता हा गुन्ह्याचा गाभा, असं त्यांनी सांगितलं. भाषण त्यांना मुळीच आवडलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. न आवडणाऱ्या वक्त्यालाही न्याय दिला, म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

आता थांबू नका, हा निकाल पुढे टिकला का ते शोधा. १९४७ मध्ये मुंबईहून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, ग्वायर यांचा अर्थ नाकारला. कलमात अव्यवस्थेची अट लिहिलेलीच नाही, असं कौन्सिलने म्हटलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ग्वायर यांच्या बाजूचा अर्थ घेतला. निकालाच्या समासात ही तीन सालं लिहून ठेवा.

शेवटी मूळ भाषेकडे जा. टिळक मराठीत बोलले, आणि कोर्टासमोर इंग्रजी भाषांतर होतं. निकालात उद्धृत केलेलं वाक्य मराठीत मिळालं, तर दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचा आणि सूर कुठे बदलला ते तिथेच पेन्सिलीने खूण करा.