गूस मेसेज लावताना या चुका टाळा: रिले गप्प झाला तर पुढे काय?

मुंबईत ३३/११ केव्ही सबस्टेशनचं शटडाउन मिळतं ते रात्रीचं, मोजून काही तासांचं. अशाच एका रात्री एका इमारतीच्या तळघरातल्या सबस्टेशनात आम्ही रिव्हर्स ब्लॉकिंग तपासत होतो. रिले म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला ट्रिप, म्हणजे वीज तोडण्याचा आदेश, देणारं उपकरण. हे रिले एकमेकांना नेटवर्कवरून जे झटपट संदेश पाठवतात, ते गूस मेसेज. फॉल्ट ११ केव्ही फीडरवर (वीज बाहेर नेणाऱ्या लाइनवर) असेल तर फीडरचा रिले इनकमरच्या (बसला वीज आणणाऱ्या ब्रेकरच्या) रिलेला गूस मेसेजने सांगतो, ‘थांब, मी बघतो.’ असा मेसेज आला नाही, म्हणजे फॉल्ट बसबारवर (सगळे फीडर जिला जोडलेले असतात त्या पट्टीवर) आहे, आणि इनकमरने झटपट ट्रिप द्यायची. फीडर तीनला दहा वेळा करंट इंजेक्ट केला. आठ वेळा सगळं बरोबर झालं. दोनदा फीडरसोबत इनकमरही पडला.

पहाटे वायरशार्क या नेटवर्कवरचे मेसेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कारण सापडलं. फीडर चारच्या रिलेची सेटिंगची फाइल फीडर तीनवरून कॉपी केलेली होती. आयपी बदलला होता, पण आयईडीचं (म्हणजे रिलेचं) नाव, मल्टिकास्ट मॅक (मेसेज ज्यावर जातो तो इथरनेट पत्ता) आणि ॲपआयडी (मेसेजचा ओळख क्रमांक) तेच राहिले होते. फीडर तीन ‘थांब’ सांगत असताना त्याच नावाने फीडर चार सेकंदाला एकदा ‘फॉल्ट नाही’ असं पाठवत होता. तो मेसेज नेमका मधल्या क्षणी पडला की ब्लॉक उठायचा. दहाऐवजी पाचच इंजेक्शन दिली असती, तर ही चूक कदाचित सुटली असती. म्हणून पॅनलची फाइल कॉपी करू नका. संपूर्ण सबस्टेशनची एकच एससीडी फाइल (सगळ्या रिलेंची एकत्र मांडणी) ठेवा आणि प्रत्येक रिलेची सीआयडी फाइल (त्या रिलेपुरती मांडणी) तिच्यातूनच काढा. प्रत्येक गूस कंट्रोल ब्लॉकला (रिलेतला गूस मेसेज पाठवणारा भाग) स्वतंत्र मॅक आणि स्वतंत्र ॲपआयडी हवा.

यापेक्षा मोठी चूक मात्र मेसेज न येण्याच्या बाबतीत होते. गूसला पोच नसते. स्थिती बदलली की मेसेज लगेच जातो, मग काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जातो. अंतर वाढत जातं आणि शेवटी सहसा सेकंदाच्या आसपास स्थिरावतं. मेसेजमध्ये दोन क्रमांक असतात: स्थिती बदलली की एसटीनम वाढतो, नुसती पुनरावृत्ती असेल तर एसक्यूनम. प्रत्येक मेसेजमध्ये ‘टाइम अलाउड टू लिव्ह’ असतो. तेवढ्या वेळात पुढचा मेसेज आला नाही, तर घेणाऱ्या रिलेने ती जोडणी मेली असं समजायचं. आणि त्यानंतर काय करायचं, हे आपण ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी ते कोणी ठरवतच नाही. रिलेचं डिफॉल्ट तसंच राहतं.

फायबर तुटल्यावर शेवटचं ‘ब्लॉक’ तसंच धरून राहिलं, तर बसबार फॉल्टला इनकमरचा झटपट ट्रिप मिळत नाही. उलट ते शून्य झालं, तर साध्या फीडर फॉल्टला अख्खी बस जाते आणि आसपासच्या इमारतींच्या लिफ्ट, पंप एका दमात बंद पडतात. माझं मत ठाम आहे: एका जरी फीडरची जोडणी मेली, तरी इनकमरचा झटपट एलिमेंट (झटपट ट्रिप देणारा भाग) बंद करावा, वेळेने ठरवलेलं नेहमीचं ओव्हरकरंट संरक्षण चालू ठेवावं आणि स्काडाला (कंट्रोल रूमच्या देखरेख यंत्रणेला) अलार्म द्यावा. ब्रेकर फेल्युअरच्या (एक ब्रेकर उघडला नाही म्हणून दुसऱ्याला दिलेल्या) ट्रिपसाठी हरवलेला मेसेज म्हणजे ‘ट्रिप नाही’. इंटरलॉकसाठी (चुकीचं स्विचिंग रोखणाऱ्या अटीसाठी) ‘परवानगी नाही’. एकच उत्तर सगळीकडे लावू नका.

डेटासेटमध्ये (मेसेजमधून जाणाऱ्या सिग्नलच्या यादीत) नुसतं मूल्य पाठवू नका, क्वालिटीही (ते मूल्य भरवशाचं आहे का, हे) पाठवा आणि लॉजिकमध्ये ती वापरा. ब्रेकरची स्थिती एका बिटाने नाही, डबल पॉइंटने (दोन बिटांनी) पाठवा. म्हणजे ब्रेकर अधेमधे अडकला तर तेही कळतं.

डेटासेटमध्ये एक सिग्नल वाढवला आणि फक्त पाठवणाऱ्या रिलेत नवी फाइल टाकली, तर कॉन्फरेव्ह (मांडणीचा आवृत्ती क्रमांक) जुळत नाही. घेणारा रिले मेसेज नाकारतो, आणि बऱ्याचदा पॅनलवर एक दिवासुद्धा लागत नाही. घेणाऱ्या सगळ्या रिलेंतही नवी फाइल त्याच वेळी टाका.

‘पिंग होतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हे गूसला लागू नाही. गूस आयपीवरून जात नाही, तो थेट इथरनेटवर ८८बी८ या इथरटाइपने जातो. स्विचचा पोर्ट गूसच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) नसेल, तर पिंग सुरळीत चालेल आणि गूस तिथेच अडेल. टेस्टिंगनंतर पाठवणारा रिले टेस्ट मोडमध्ये राहिला तरी तसंच: मेसेज येतो, पण ऑन मोडमधला रिले त्यावर काही करत नाही.

शटडाउन परत देण्याआधी प्रत्येक फीडर रिलेचं फायबर एकेक करून काढा. ठरलेल्या वेळात इनकमरचा झटपट एलिमेंट बंद झाला का, कंट्रोल रूममध्ये त्याच फीडरच्या नावाने अलार्म आला का, हे फोनवर विचारून घ्या. फायबर परत लावा आणि अलार्म गेल्याची खात्री झाल्यावरच पुढच्या पॅनलकडे जा.