छोट्या तलावावर पक्षी बघायला सुरुवात कशी करावी

नवख्यांनी सुरुवात उजनीवर करू नये. तिथे पक्षी हजारोंनी असतात, पण बहुतेक दूरवर, ठिपक्यांएवढे. त्यापेक्षा पुण्यात रामनदीवरच्या पाषाण तलावासारखं छोटं पाणी बरं.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजाडता उजाडता पोहोचा आणि शक्यतो पूर्वेच्या काठावर बसा; ऊन पाठीमागून आलं की रंग खरे दिसतात. समोरून आलं तर सगळी बदकं काळीच!

दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. जास्त पटीची घेतली की हात जरा हलला तरी चित्र थरथरतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात, तर तो सापडेपर्यंत उडून जातो.

पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसा. तुम्ही आल्यावर गवतात शिरलेले पक्षी तेवढ्या वेळात परत बाहेर येतात.

पहिल्या दिवशी चारच ओळखा. वारकरी काळाभोर, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. काठावर मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला तो वंचक. चिखलात दिसतही नाही, पण उडाला की पांढरेफेक पंख उघडतात. चौथी टिबुकली, बदकाहून पुष्कळ लहान. ती बुडाली की मनात आकडे मोजा आणि पाण्यावर सगळीकडे नजर ठेवा, कारण बुडाली तिथे ती सहसा वर येत नाही.

जलपर्णीवर जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत चालताना दिसेल. थोडी जलपर्णी तिच्या सोयीची. सगळा तलाव झाकला गेला तर बदकांना उतरायला पाणीच उरत नाही.

पावसाळ्यात टिबुकलीचं तरंगतं घरटं दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावणं तर नकोच.

घरी जायच्या आधी, काठावरच, वहीत तारीख, वेळ आणि प्रत्येक पक्ष्याची संख्या लिहा. ओळखू न आलेल्याचंही चोचीचं वेडंवाकडं चित्र काढा. माझ्या पहिल्या वहीत पसरट चोचीच्या थापट्या बदकाच्या जागी चक्क चमचा काढलेला आहे.