इजिप्तला जायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

"इजिप्तला सध्या जाण्यासारखं आहे का?" हा प्रश्न फार मोघम आहे. गाझाला लागून असलेलं रफाह आणि कैरो यांच्यात सरळ रेषेत ३०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. लक्सर आणि अस्वान तर त्याहूनही कितीतरी दक्षिणेला. म्हणून देशाचा विचार बाजूला ठेवा आणि आपल्या प्रवासातला एकेक रस्ता, एकेक मुक्काम तपासा.

कागदावर चार रकाने आखा: तारीख, रात्रीचा मुक्काम, वाहन, प्रवासाची वेळ. टूर कंपनीच्या पत्रकात "दिवस तिसरा : लक्सर" एवढंच असेल तर फोन करून विचारा. कैरोहून लक्सरला विमानाने नेणार की बसने? अबू सिंबेलच्या मंदिरांकडे किती वाजता निघणार? तांबड्या समुद्राकाठच्या हर्गाडाहून लक्सरला संध्याकाळी तर निघणार नाही ना? याची उत्तरं मिळत नसतील तर पैसे भरू नका. रस्ताच माहीत नसेल तर धोका कशाचा मोजणार?

आता हा कागद सरकारी सूचनांशी ताडून पाहा. पहिली कैरोतल्या भारतीय दूतावासाची, कारण अडचण आली तर मदत तिथूनच मिळणार आहे. पण आपल्या सूचना बहुधा घटना घडल्यावर येतात आणि त्यात जिल्हावार तपशील कमी असतो. तो ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर नकाशासकट मिळतो. उत्तर सिनाई (रफाह यातच येतं) आणि लिबियाच्या सीमेलगतचा २० किलोमीटरचा पट्टा इथे अजिबात जाऊ नका, असं ते खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. नाईलच्या पश्चिमेकडच्या वाळवंटाचा बराच भागही त्यांनी टाळायला सांगितलेला असतो. कैरो, गिझा, लक्सर, अस्वान आणि हर्गाडा या नेहमीच्या वाटेवर तशी मनाई नसते. सूचना बदलत राहतात, म्हणून जुनी माहिती धरून बसू नका. ठरवायच्या दिवशी पान पुन्हा उघडा.

अमेरिकेचं परराष्ट्र खातंही प्रत्येक देशाला धोक्यानुसार एक ते चार पातळी देतं; चौथी म्हणजे "जाऊ नका". ही यादी वाचताना एक युक्ती करा. आधी त्यात भारताचं पान वाचा. तिथे भारत दुसऱ्या पातळीवर दिसतो, आणि पूर्व लडाख व लेह वगळता जम्मू-काश्मीरला "जाऊ नका" असं लिहिलेलं असतं. आपला देश आपल्याला माहीत असतो, त्यामुळे त्यांच्या शब्दांचं वजन नेमकं किती, हे लगेच कळतं. मग इजिप्तचं पान वाचा.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक घरांत राहून जातो. भीती दहशतवादाची वाटते, आणि ती निराधार नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी लक्सरला प्राचीन राणी हत्शेपसुतच्या मंदिरात ६२ जण मारले गेले. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर कोसळलं आणि त्यातले सर्व २२४ जण गेले. त्यानंतर ब्रिटनची तिथली थेट उड्डाणं जवळजवळ चार वर्षं बंद होती. पण ही दुसरी यादीही वाचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये लक्सरला हॉट एअर बलूनला आग लागली, १९ पर्यटक गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात डायव्हिंगची बोट पहाटे बुडाली. मार्च २०२५ मध्ये हर्गाडाजवळ पर्यटकांची पाणबुडी बुडून सहा जणांचा मृत्यू झाला. रस्त्यांवरचे अपघात तर चालूच असतात. रात्री काही गाड्या दिवे न लावता धावतात. या दुसऱ्या यादीतला धोका बराचसा आपल्या हातात असतो:

- कैरो ते लक्सर किंवा अस्वान विमानाने जा. लक्सरपर्यंतचाच सुमारे ६५० किलोमीटरचा रस्ता बसने, त्यातही रात्री, नको.
- अबू सिंबेल अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर आहे. गाड्या पहाटे निघतात, त्यामुळे ड्रायव्हर रात्री झोपला होता का, हे विचारायला संकोचू नका. आई-वडील बरोबर असतील तर विमान घ्या.
- मागच्या सीटलाही पट्टा असलेली गाडीच मागा.
- बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट मोजा आणि मुलांच्या मापाची आहेत का, ते बघा. रात्रीचा मुक्काम बोटीवर असेल तर खोलीतून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवा.
- बलूनवाल्याने "वारा आहे, पण नेतो" म्हटलं तर नाही म्हणा. पैसे बुडाले तरी चालतील.

नाईलच्या पश्चिमेकडच्या पांढऱ्या वाळवंटातली तंबूची सफर हल्ली तरुणांना फार खुणावते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच बाजूच्या बहारिया ओॲसिसजवळ जेवणासाठी थांबलेल्या पर्यटकांवर इजिप्तच्याच सुरक्षा दलांनी दहशतवादी समजून हवेतून मारा केला. मेक्सिकन पर्यटकांसह १२ जण गेले. तेव्हा तिथे जायचंच असेल तर परवाना आणि नेमका मार्ग लेखी घ्या. मिळत नसेल तर हा भाग गाळा, बाकीची सहल मात्र रद्द करायची गरज नाही.

आता विमा. जाहिरात सोडा, पॉलिसीचं मूळ दस्तऐवज उघडा आणि "वगळलेल्या बाबी" हे प्रकरण वाचा. युद्ध आणि युद्धजन्य परिस्थिती बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. दहशतवादी हल्ल्यातला उपचारखर्च मिळतो का, आणि सरकारी सूचना डावलून गेल्यास दावा फेटाळतात का, हे कंपनीकडून ईमेलने मागवा; फोनवरच्या आश्वासनाला किंमत नाही. बलून आणि स्कूबा डायव्हिंगला बऱ्याचदा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रक्तदाब, मधुमेह लपवू नका, दावा तिथेच अडकतो. रुग्णाला मायदेशी आणण्याच्या खर्चासकट निदान १ लाख डॉलरचं संरक्षण घ्या. आणि एवढं पक्कं समजून घ्या की "भीती वाटली म्हणून रद्द केलं" याचे पैसे साधारण विम्यात मिळत नाहीत. म्हणून टूर कंपनीला दोन वेगळे प्रश्न विचारा: आम्ही रद्द केलं तर किती परत, आणि तुम्ही रद्द केलं तर किती?

विमानाचा मार्गही तपासा. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं आणि दोहामार्गे जाणारे असंख्य प्रवासी अडकले. मुंबई ते कैरो थेट विमान मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी ते घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, म्हणजे पुढचं विमान चुकल्यास दुसरं देण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते.

औषधांबद्दल घरातल्या मोठ्यांना नीट सांगा. दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडोल असतं, आणि इजिप्तमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत. २०१७ मध्ये २९० गोळ्या नेणाऱ्या एका ब्रिटिश महिलेला तीन वर्षांची शिक्षा झाली. गोळ्यांच्या पाकिटावरची घटकांची नावं वाचा. ड्रोन घरीच ठेवा. लष्करी ठाणी, पूल, सुएझ कालवा यांचे फोटो काढू नका.

आता निर्णय. तो चित्त शांत असताना आधीच लिहून ठेवायचा. पुढच्यापैकी एकही गोष्ट घडली तर जायचं नाही, यावर घरातल्या सगळ्यांची संमती घ्या: भारतीय दूतावासाने अनावश्यक प्रवास टाळायला सांगितलं, तुमच्या कागदावरचं एखादं गाव मनाईच्या भागात आलं आणि ते गाळता येत नाही, विमान कंपनीने उड्डाणं थांबवली, विमा कंपनीने लेखी नकार दिला. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आणि टीव्हीवरची चर्चा या यादीत धरू नका. घरातल्या एकाला मनापासून भीती वाटत असेल तर मात्र ती धरा. आठ दिवस धास्तावलेल्या माणसाला ओढत नेणं क्रूर आहे, त्यापेक्षा ठिकाण बदला.

तपासणी तीनदा करा: पैसे भरण्याआधी, पैसे परत मिळण्याच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, आणि निघण्याच्या ४८ तास आधी. दुसरी सगळ्यात मोलाची, कारण त्यानंतर बुडणाऱ्या पैशांची हळहळ निर्णयात शिरते. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

निघताना त्या चार रकान्यांच्या कागदाची एक प्रत घरी राहणाऱ्याकडे द्या. मागच्या बाजूला दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, विमा कंपनीचा मदत क्रमांक, आणि इजिप्तमधले तीन क्रमांक लिहा: पर्यटन पोलीस १२६, पोलीस १२२, रुग्णवाहिका १२३.