लॅमिनेटच्या फरशीची चमक परत आणा

राजारामपुरीतल्या आमच्या घरात लॅमिनेटची फरशी रोज पुसूनही मंदच दिसायची. बोट घासलं की पांढुरका माग उमटायचा. तो साबण आणि फिनाईलचा साचलेला थर होता, खालचं लॅमिनेट चांगलंच होतं.

१. मऊ कुंच्याने आधी धूळ काढा. कचकच राहिली तर ओरखडे पडतात.
२. ४ लिटर कोमट पाण्यात पाव कप पांढरं व्हिनेगर घाला.
३. मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून हातभर जागा पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने घासा. खरी चमक या कोरड्या घासण्यानेच येते.

पाणी ओतू मात्र नका. सांध्यात मुरलं की फळ्यांच्या कडा फुगतात, मग त्या बसत नाहीत. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात तर पंखा लावूनच पुसा.