ओहायोचा उन्हाळा: गणपतीचं गाणं आणि रोलर कोस्टर, दोन्हींची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. यंदा २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आलाय त्यामुळे गणपती थेट १४ सप्टेंबरला बसतायत आणि लेबर डे ७ सप्टेंबरला, म्हणजे मेअखेरच्या मेमोरियल डेपासूनचा अख्खा उन्हाळा गणपतीच्या आधी हातात आहे, असं दरवर्षी मिळत नाही, गेल्या वर्षी २७ ऑगस्टलाच चतुर्थी होती. कोलंबसला राहणाऱ्यांना तर दोन्ही बाजू जवळ, वर एरी लेकच्या काठी सीडर पॉइंट हे अम्युझमेंट पार्क साधारण दोन तासांवर, खाली सिनसिनाटीकडे किंग्ज आयलंड हे दुसरं पार्क दीड तासावर. मंडळाच्या कार्यक्रमात गाणारे किंवा तबला-पेटी वाजवणारे आणि कोस्टरचंही वेड असलेले आपल्यात बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

प्रॅक्टिसचा वार आधी ठरवा आणि तो हलवू नका. आमच्यासारखे हौशी लोक आठवड्यातून एकदाच एकत्र भेटतात, तो एक दिवस गेला की पंधरा दिवसांची गॅप पडते आणि कोरस परत पहिल्यापासून. म्हणून रविवार दुपार प्रॅक्टिसला द्यायची आणि पार्क शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सुट्टी टाकून. जुलैतला शनिवार मी कधीच सुचवणार नाही, सगळा दिवस लायनीत जातो. ज्यांना शनिवारशिवाय जमतच नाही त्यांनी गेट उघडायच्या आधी पोचा, दुपारी निघा, आणि रविवारी प्रॅक्टिसला आल्यावर वरच्या सप्तकातली ओळ दुसऱ्या कुणाला तरी द्या.

कारण खरा प्रश्न वेळेचा नाहीये, गळ्याचा आहे. दिवसभर कोस्टरवर किंचाळलं की स्वरतंतूंना सूज येते, दुसऱ्या दिवशी आवाज जड लागतो, तार षड्जाला पोचताना फाटतो, आणि तरीही जोर लावून गायलं तर ते आणखी लांबतं. त्यामुळे न ओरडता राईड घ्यायची सवय करा, अवघड नाहीये. ड्रॉपच्या आधी पोटातून श्वास भरायचा आणि खाली येताना तोंड उघडं ठेवून तो नुसता सोडायचा. आनंद तेवढाच मिळतो, उलट जास्त, कारण चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज नीट ऐकू येतो. सीडर पॉइंटच्या मिलेनियम फोर्सवर तर हे करून बघाच, ३१० फूट उंची आणि ताशी ९३ मैल वेग, २००० सालचं कोस्टर आहे पण पहिल्या ड्रॉपला अजूनही तोड नाही. पाणी तहान लागायची वाट न बघता पीत राहा. आवाज बसलाच तर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो, सरळ गप्प बसा. एक-दोन दिवस वरचं काही न गाता हलक्या आवाजात खालचे स्वर लावायचे, घसा सारखा खाकरायचा नाही. आणि तीन आठवडे होऊनही आवाज मोकळा झाला नाही तर ईएनटीला दाखवा, काढे करत बसू नका.

गाडीतला वेळ फार कामाचा आहे. माझा नियम साधा आहे, जाताना गायचं, येताना गप्प. जाताना तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून अलंकार, मग गाण्याच्या अवघड जागा. तानपुरा आपल्या पट्टीत, म्हणजे आपण जो सा धरतो त्यात लावा, गाडीतल्या इतरांच्या सोयीने नाही. येताना प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग नुसतं ऐकायचं.

पट्टी जूनच्या पहिल्या प्रॅक्टिसलाच ठरवून टाका. बायकांचा आवाज पेटीच्या काळी चार-पाचला, पुरुषांचा पांढरी एक किंवा काळी एक-दोनला, आणि कोरसमध्ये दोघं एकत्र, ही रस्सीखेच ऑगस्टपर्यंत नेली तर त्या पट्टीत चढणारा तबला ऐनवेळी कुठून आणणार? तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, जुनी झाली असेल तर ती आत्ताच बघा, इथे पुडी नीट बसवून देणारा माणूस कोपऱ्यावर भेटत नाही. आणि हे सगळ्यांनी ऐका, पार्कच्या पार्किंगमध्ये गाडीत तबला किंवा पेटी ठेवून जाऊ नका. उन्हात बंद गाडी भट्टी होते, कातडं सुकून ताणलं जातं, पुडीवरची काळी शाई तडकू शकते, पेटीचे सांधे सुटू शकतात. प्रॅक्टिसहून परस्पर पार्कला जायचं असेल तर वाद्यं कुणा काकूंच्या घरीच राहू दे, त्या नाही म्हणत नाहीत.

तबलजींनी मनगटं सांभाळा. लाकडी कोस्टर हादरे देतं, आणि घाबरून दांडी आवळून धरली की तो हादरा सरळ मनगटात येतो आणि मग डग्ग्यावर घिस्सा काढताना, म्हणजे मनगट घासून घुमारा काढताना कळतं. हात सैल ठेवा, मांडीवर किंवा वर. किंग्ज आयलंडचं द बीस्ट १९७९ चं आहे, ७,३६१ फूट लांब, चार मिनिटांहून मोठी राईड, जगातलं सगळ्यात लांब लाकडी कोस्टर, त्यामुळे ते आणि दुसऱ्या दिवशी द्रुत तीनताल असं एकापाठोपाठ लावू नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या. सीडर पॉइंटचं स्टील व्हेंजन्स त्या मानाने हाताला सोपं. मीन स्ट्रीक नावाच्या जुन्या लाकडी कोस्टरच्याच सांगाड्यावर स्टीलचा ट्रॅक टाकून ते २०१८ ला उघडलं, माझं सगळ्यात आवडतं, सीटवरून इतक्या वेळा उचलतं की कितव्यांदा ते मोजायचंच सोडून द्यावं.

पण त्याच्या लायनीत तासभर सहज जातो, तेवढा वेळ करायचं काय? गाणं पाठ करायचं. चिठ्ठीवर नोटेशन लिहून चेनच्या खिशात ठेवा, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजा, रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा, आणि मनातल्या मनात सम गाठा. कोरसमधल्या दोघी-तिघी बरोबर असतील तर उत्तमच, एकीने ठेका धरायचा, बाकीच्यांनी ओठ न हलवता अंतरा. आसपासचे लोक बघतात, बघू दे.

बाकी पटकन. चष्म्याला पट्टी. अंगठ्या, बांगड्या घरी. डोक्याला टोपी. एरी लेकवर वारा किंवा विजा सुरू झाल्या की उंच कोस्टर थांबतात, तेव्हा हवामान बघून निघा. दोन्ही पार्क आता एकाच कंपनीचे आहेत, सीझन पास घेताना कुठल्या पासावर दोन्हीकडे जाता येतं ते वाचून घ्या. आणि ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की पार्क रोज उघडं असेलच असं नाही, तारखा आधी बघा.

लेबर डेनंतर कार्यक्रम होईपर्यंत आपलं कोस्टरवर जाणं बंद. या दिवसांत रोज थोडा रियाज, दोन पूर्ण रंगीत तालमी, माइकवर एकदा तरी, आणि भरपूर झोप. २५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली की ऑक्टोबरचे वीकेंड उरतात, गर्दी मजबूत असते पण सूर्य सातच्या आसपास मावळतो, जूनमध्ये नऊ वाजून जातात, त्यामुळे बीस्टची जंगलातली अंधारातली राईड मिळवायची तर ऑक्टोबरच धरा. तेव्हा गळ्याला काही काम नसतं, खुशाल ओरडा.